औषध फुकट, उशीर महाग



सुगी आटोपत आली आहे. भात खळ्यावरून घरात आले, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या आणि चर्चमध्ये आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली. याच सुमारास, १ डिसेंबरला, दरवर्षी जागतिक एड्स दिन येतो. तालुक्याच्या गावी शाळेची मुले फलक घेऊन फेरी काढतात. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहतो आणि बाजार करून घरी येतो. हा विषय आपल्या घरचा नव्हे, असे आपल्याला वाटते. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

या पानावर आम्ही एरवी भातावरचा करपा, उसातली हुमणी, जनावरांची लाळ-खुरकत यांविषयी लिहितो. आज एच.आय.व्ही.च्या उपचाराविषयी लिहीत आहोत, आणि तेही एका अगदी व्यवहाराच्या प्रश्नाविषयी. या उपचाराचा खर्च कोण करतो? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर ठाऊक नव्हते म्हणून आमच्या माहितीतल्या एका घराची जमीन गेली आणि घरधनीही गेला.

एका घराचे दोन हिशेब

ही हकिगत आम्ही त्या घरच्या माऊलीच्या परवानगीने सांगत आहोत. नाव-गाव सांगत नाही, आणि कोणी शोधूही नये.

घरधनी तरुणपणी काही वर्षे कामासाठी बाहेर होता. पुढे गावी येऊन त्याने शेती धरली. काही वर्षे बरी गेली. मग बारीक ताप, खोकला, जुलाब सुरू झाले आणि अंगावरचे मांस झडू लागले. शहरातल्या एका खाजगी तपासणीत त्याला रोगाचे नाव कळले. त्याने ते कोणालाच सांगितले नाही, बायकोलासुद्धा नाही. 'सरकारी दवाखान्यात गेलो तर गावभर होईल, आणि जन्मभर औषध घ्यायचे तर पैसा कोठून आणू?' असे त्याचे गणित होते. म्हणून तो कधी या डॉक्टरकडे, कधी त्या डॉक्टरकडे, तर कधी खात्रीने बरे करतो म्हणणाऱ्या वैदूकडे जात राहिला. आधी सोसायटीचे कर्ज झाले, मग बायकोचे दागिने गहाण पडले, आणि शेवटी ओढ्याकाठची एक एकर जमीन गेली.

या काळात तो दोनदा आमच्याकडे आला. आम्ही गरिबांच्या पेटीतून त्याला पैसे दिले आणि पाठीवर हात ठेवून आशीर्वाद दिला. कशाचा आजार, तपासणी झाली का, सरकारी दवाखान्यात गेला होतास का, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. त्याला संकोच वाटेल असे आम्हाला वाटले. खरे सांगायचे तर संकोच आमचाच होता. जवळ बसून चार शब्द विचारले असते तर पेटीतल्या पैशांची गरजच पडली नसती.

तो सरकारी केंद्रात पोहोचला तेव्हा २०१६ साल होते. क्षय सर्व अंगात पसरला होता. डॉक्टरांनी दोन्ही उपचार सुरू केले, पण तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्याला माती दिली. सरकारी केंद्रात हे औषध मोफत मिळू लागून तेव्हा बारा वर्षे झाली होती.

त्याच आठवड्यात बायकोची आणि दोन्ही मुलांची चाचणी झाली. मुले निरोगी निघाली. बाईंना लागण झालेली होती, पण अंगातली शक्ती शाबूत होती. त्यांनी त्याच महिन्यात गोळ्या सुरू केल्या. आज त्या उरलेल्या जमिनीत भात आणि त्यावर मसूर घेतात, बचत गटाचा हिशेब पाहतात आणि रविवारी मिस्सेला पहिल्या रांगेत बसतात. औषधासाठी त्यांनी आजवर एक रुपयाही दिलेला नाही. एकाच घरात एकाच रोगाचे हे दोन हिशेब झाले. फरक पडला तो वेळेमुळे.

पैसा कोठून येतो?

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ साली त्या वेळच्या मद्रासमध्ये आढळले. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेकडून ८ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज घेतले होते. तो पैसा मुख्यतः रोग पसरू नये म्हणून होता. रक्त तपासून द्यावे, लोकांना माहिती द्यावी, एवढाच तेव्हा आवाका होता. ज्याला लागण झाली त्याच्यासाठी औषध जगात निघाले होते, पण ते आपल्या आवाक्यातले नव्हते. परदेशी कंपन्यांच्या औषधांना एका रोग्यामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई.

मग २००१ साली मुंबईच्या सिपला कंपनीने तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. जगभर किमती कोसळल्या. सरकारने औषध द्यावे ही मागणी आता हिशेबात बसू लागली. १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी रुग्णालयांत हे औषध मोफत देण्यास सुरुवात झाली. रोगाचे प्रमाण जास्त असलेली सहा राज्ये आणि दिल्ली यांपासून आरंभ झाला, आणि त्या सहा राज्यांत आपला कर्नाटक आणि शेजारचा महाराष्ट्र ही दोन्ही होती. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. त्यांना ए.आर.टी. केंद्र म्हणतात.

बाहेरच्या देणग्याही आल्या. २००३ साली गेट्स प्रतिष्ठानने कर्नाटक, महाराष्ट्र यांसह सहा राज्यांत 'आवाहन' नावाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. पण देणगीदार कायम राहत नाही. २००९ ते २०१३ या काळात ते काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवण्यात आले. जागतिक निधीकडूनही मदत येत आली आहे. तरी मुख्य भार आता आपल्याच तिजोरीवर आहे. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने १५,४७१ कोटी ९४ लाख रुपये मंजूर केले.

हा पैसा पाटाच्या पाण्यासारखा वरून खाली येतो. दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नाको आहे. ती गोळ्या आणि तपासणीचे संच एकदम खरेदी करते. मोठी खरेदी असल्याने भाव कमी पडतो. राज्यात एड्स सोसायटी असते, तिच्यामार्फत माल आणि पैसा जिल्ह्यात येतो. समुपदेशक आणि प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ यांचे मानधन या कार्यक्रमातून निघते. इमारत आणि खाटा मात्र बहुधा सरकारी रुग्णालयाच्याच असतात.

कोणी म्हणेल, फुकटचे घेणे म्हणजे भीक. तसे नव्हे. साबण घेताना, डिझेल भरताना, ट्रॅक्टरचा सुटा भाग आणताना आपण कर देतो. जागतिक बँकेचे कर्ज देशाने घेतले म्हणजे ते फेडणारे आपणच. या गोळीचे पैसे आपण सर्वांनी मिळून आधीच भरले आहेत. ती घ्यायला न जाणे म्हणजे पाटाच्या पाण्याची पट्टी भरून शेत कोरडे ठेवण्यासारखे आहे.

लवकर म्हणजे केव्हा?

एच.आय.व्ही.चा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशी खातो. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. निरोगी माणसात त्यांची संख्या साधारण ५०० च्या वर असते. २०० च्या खाली गेली की क्षय, न्यूमोनिया, मेंदूज्वर अशी दुखणी आत शिरतात. पण ही घसरण हळू होते. आठ-दहा वर्षेसुद्धा माणूस वरून धडधाकट दिसतो, नांगर धरतो, लग्न करतो. घराच्या तुळईला आतून वाळवी लागावी आणि वरून रंग तसाच राहावा, तसे हे आहे.

मोफत औषध सुरू झाले तेव्हा पैसा थोडा होता, रोगी फार होते. म्हणून ज्यांच्या पेशी २०० च्या खाली गेल्या त्यांनाच गोळ्या मिळत. पुढे ही मर्यादा ३५० वर आली, मग ५०० वर. या वाढीमागे अनुभव आणि संशोधन होते. २०११ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुणे आणि चेन्नई येथील केंद्रेही होती, असे दिसले की लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी झाला. २०१५ सालच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की पेशी ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केले तर गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी होतात.

म्हणून २८ एप्रिल २०१७ पासून सरकारने मर्यादाच काढून टाकली. आता चाचणीत एच.आय.व्ही. आढळला की पेशी कितीही असोत, उपचार सुरू करता येतो. वाट पाहावयाची नाही. क्षय किंवा मेंदूज्वर आढळला तर आधी कोणते औषध द्यावयाचे ते डॉक्टर ठरवतात, एवढाच अपवाद.

शेतकरी बंधूंनो, हे आपल्याला निराळे शिकवायला नको. करप्याचा ठिपका पानावर दिसला की फवारणी करावयाची असते. लोंबी पळंजी झाल्यावर कितीही महाग औषध मारले तरी दाणा भरत नाही.

काय मोफत आहे, काय नाही

सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आय.सी.टी.सी. म्हणतात, सल्ला आणि चाचणी मोफत आहे. लागण आढळल्यास ए.आर.टी. केंद्रात नोंद होते. तेथे सीडी-४ तपासणी मोफत. जन्मभराच्या गोळ्या मोफत. बहुतेक मोठ्या माणसांना आता दिवसातून एकच गोळी पुरते. रक्तात विषाणू किती उरला, ही तपासणी पहिल्या सहा महिन्यांनी, मग वर्ष भरल्यावर आणि पुढे वर्षातून एकदा होते, तीही मोफत. विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेची चाचणी पहिल्याच भेटीत करतात. तिने वेळेवर गोळ्या घेतल्या तर बहुतेक बाळे निरोगी राहतात. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून दीड वर्षापर्यंत होते.

क्षय झाल्यास त्याचे औषध निराळ्या सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते. शिवाय पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत बँक खात्यात मदत जमा होते. ती नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये आहे.

आता जे मोफत नाही तेही सांगितले पाहिजे. बसचे भाडे आपले. बुडालेली मजुरी आपली. केंद्रात न होणाऱ्या तपासण्या बाहेर कराव्या लागल्या तर त्यांचा खर्च आपला. खाजगी रुग्णालयात स्वतःहून गेल्यास तेथील बिल आपले. आयुष्मान योजनेचे कार्ड असेल तर रुग्णालयात दाखल होण्याचा काही खर्च त्यातून भागू शकतो, म्हणून ते कार्ड घरात असू द्यावे. भाड्याचा भार हलका व्हावा म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांना एकाच वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देतात, आणि बऱ्याच तालुक्यांत मोठ्या केंद्राला जोडलेले लिंक केंद्र असते.

कामासाठी गोव्याला, पुण्याला किंवा हैदराबादला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्याची सीमा ओलांडली म्हणून उपचार तुटत नाही. निघण्यापूर्वी आपल्या केंद्राला सांगून बदलीचे पत्र घ्यावे. नव्या गावच्या केंद्रात त्याच गोळ्या त्याच मोफत दराने मिळतात.

भीतीचे काय?

'सर्व खरे, फादर, पण गावाला कळले तर?' हा प्रश्न आम्हाला प्रत्येक वेळी विचारला जातो. भीती खोटी नाही. शेजारच्या गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानातून लागण उघड झाली म्हणून, पोलिसांनी उचलून नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात कोंडून ठेवले. तेव्हा कायदाच तसा केला होता. त्याने आणि त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर तो लपून बसला नाही. रोग्यांच्या बाजूने उघडपणे बोलत राहिला, आणि १९९२ साली देवाघरी गेला. त्या वेळी सरकारचा पैसा रोग्यावर पहारा बसवण्यात गेला. आज तो औषधात जातो. हा बदल अशा माणसांनी सोसून घडवला आहे.

आज कायदा रोग्याच्या बाजूने आहे. २०१७ साली संसदेने केलेला एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. एखाद्याची लागण त्याच्या संमतीशिवाय इतरांना सांगता येत नाही. त्यामुळे नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर नाकारता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला घरातून बाहेर काढता येत नाही. आम्ही स्वतःही हे पाळतो. विवाहपूर्व शिबिरात आम्ही वधूवरांना चाचणीचा सल्ला देतो, सक्ती करत नाही आणि निकाल मागत नाही.

आणि जे कायद्याने होत नाही ते आपण करावयाचे आहे. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने, मिस्सेत शांतीचे चिन्ह म्हणून हात हातात घेतल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. तो होतो असुरक्षित शरीरसंबंधातून, लागण झालेल्या रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्याने आणि उपचार न घेतलेल्या मातेकडून बाळाला. हा रोग झाला म्हणजे पाप केले, असेही कोणी म्हणू नये. त्या माऊलीने काय केले होते? आणि ज्याने चूक केली असेल त्याच्यासाठी पापांगीकाराची जागा आहे. ती जागा विहिरीचा काठ नव्हे.

आपण काय करावे?

ज्याने काही वर्षे घराबाहेर काढली आहेत, ज्याच्या जोडीदाराला लागण आहे, ज्याला क्षय झाला आहे, ज्याचे वजन कारण नसता उतरते आहे किंवा ज्याला नुसती शंका आहे, त्याने चाचणी करून घ्यावी. शंकेची घटना अलीकडची असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी. एकट्याने जाण्याचे धैर्य नसेल तर १०९७ या मोफत सरकारी क्रमांकावर नाव न सांगता आधी बोलता येते.

गोळी सुरू झाली की बरे वाटले म्हणून सोडू नये. मध्येच सोडली तर विषाणू पुन्हा वाढतो आणि तीच गोळी पुढे लागू पडेनाशी होते. एड्स समूळ बरा करतो असा दावा करून औषध विकणे आपल्या देशात कायद्याने मना आहे. असा दावा करणाऱ्याच्या दारात जमीन विकून उभे राहू नये.

आमच्या बाजूने एक बदल आम्ही केला आहे. गरिबांच्या पेटीतून आजारासाठी मदत मागणाऱ्याला आम्ही आता जवळ बसवून विचारतो, 'सरकारी दवाखान्यात दाखवलेस का? काय तपासले?' औषध मोफत असेल तेथे आम्ही बसचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी देतो, आणि हवे असल्यास सोबत येतो. सोबत कशासाठी, हे आमच्या वहीत लिहिलेले नसते.

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याने जखमीवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार मालकाच्या हातावर ठेवले. दीनारांची गोष्ट आपल्या लक्षात राहते. पण त्याने त्या माणसाला उचलले ते दिसल्याबरोबर, हे आपण विसरतो. तो उद्यावर टाकून पुढे गेला असता तर दीनार त्याच्या कमरेलाच राहिले असते. आपल्या काळात दीनार आधीच मोजून ठेवलेले आहेत. रस्त्यात पडलेल्याला उतारशाळेपर्यंत वेळेत नेण्याचे काम तेवढे उरले आहे, आणि ते आपले आहे.

प्रभू आपणा सर्वांना आरोग्य देवो.